दाराकडची पावलं

“तू घालवलंस माझ्या लेकाला! तुझ्या जिभेनं घर मोडलं!”

सासऱ्यांचे ते शब्द उपचारांच्या दालनातल्या साऱ्यांनी ऐकले. सून मात्र काहीच न ऐकल्यासारखी त्यांच्या डोक्यावरची तारांची टोपी सारखी करत राहिली... जन्मभर दारोदार टपाल वाटणारे त्यांचे पाय मणका मोडल्यापासून लाकडासारखे पडले होते. टोपी मेंदूतला चालण्याचा विचार टिपायची, यंत्र तो ओळखायचं आणि पायांना बांधलेला पोलादी सांगाडा पाऊल उचलायचा.

“बाबा, मनात असं काय आणता हो, की पाऊल लगेच उठतं?” डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं विचारलं.

“दुसरं काय? लेक दारात उभा आहे, नि मी त्याच्याकडे चाललोय!”

सुनेला खरं ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी, बापाची ओली चादर बदलता बदलता नवरा तिला म्हणाला होता, “हे माझ्याच्यानं होणार नाही,” आणि बॅग भरून चालता झाला होता. ‘माझ्याशी भांडून गेले,’ असं सासऱ्यांना तिनंच सांगितलं, त्याचं पाप आपल्या पदरात घेतलं... बोल लागू देत मला, पण या जीवाची आशा जगू दे! आता तर त्या आशेवरच पावलं उठत होती. खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्याच आठवड्यात ती औषधं आणायला गेली आणि तिचा फोन घरी राहिला. वाजला, म्हणून सासऱ्यांनी उचलला. ते ‘हॅलो’ म्हणायच्या आतच लेकाचा आवाज आला, “सकाळपासून तुझे फोन बघतोय. कितीदा सांगू, बाबांसाठी मला फोन करू नकोस! त्यांचं करायला नको म्हणून तर गेलो मी. तुला हौस आहे ना? मग निस्तर!”

ती परतली तेव्हा फोन त्यांच्या मांडीवर होता आणि नजर भिंतीवर. ती काय ते समजली...

पुढच्या खेपेला टोपी चढवली, पट्टे आवळले. यंत्र मुकंच राहिलं.

“बाबा, चालायचं मनात आणा ना!” डॉक्टरीणबाई विनवत होत्या.

“कुणाकडे?” ते पुटपुटले.

सून धावत समोर जाऊन उभी राहिली. “माझ्याकडे या, बाबा... मी आहे ना!”

त्यांनी डोळे मिटले, कपाळाची शीर तटतटली... पण पाऊल उठलं नाही. महिनाभर तेच! अखेर त्यांची जागा दुसऱ्या रुग्णाला दिली गेली.

लिफ्टपाशी तिचा बांध फुटला. “माझंच चुकलं, बाबा! फोन बरोबर न्यायला हवा होता...”

“वाकता येत असतं, तर आज तुझे पाय धरले असते, पोरी!”

“असं नका हो बोलू!”

“बोलू दे मला. इतके दिवस वाट्टेल ते बोललो तुला. का ऐकून घेतलंस गं?”

“तुम्ही उभं राहावं म्हणून...”

त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांवर दाबून धरले आणि भर गर्दीत ते हमसून हमसून रडले. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. दोघांनाही भान नव्हतं.

“मला घरी ने,” डोळे पुसत ते म्हणाले.

तिनं चाकाची खुर्ची वळवली.