समाधानाची नोंद

मनस्वास्थ्य प्रशिक्षण प्रयोगशाळेत शिरतानाच नलिनी गायधनी बाईंचं डोकं तापलेलं होतं. जनगणना झाली, मतदारयाद्या झाल्या, आता हे. पण त्यांच्या आठवीतली रेणू कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हती, डबा तसाच परत नेत होती, आणि परवा तिच्या मनगटावर ओरखडे दिसले होते. तिच्याशी बोलायचं कसं, हे इथे कुणी शिकवणार असेल तर बाईंना ते हवंच होतं.

पडद्यावर छायाविद्यार्थिनी उमटली. संगणकाने घडवलेली, खऱ्यासारखी बोलणारी मुलगी.

"काय झालं गं बाळा?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. आता बरं वाटतंय."

लगेच खाली चौकट आली : समाधान नोंदवा आणि उत्तीर्ण व्हा.

"उत्तीर्ण? मी असे काय दिवे लावले?" बाई शेजारच्या डॉ. इरफान मुजावरांवर उखडल्या. छायाविद्यार्थिनी त्यांनीच बनवली होती.

"तिला कुणी पढवलेलं नाही, बाई," मुजावर म्हणाले. "प्रशिक्षित शिक्षकांशी मुलं शाळेत जे बोलतात, त्यावरून ती रोज शिकते. सुरुवातीला तासभर रडायची. आता एका वाक्यात शांत होते."

"म्हणजे मुलं सुधारली," संचालक शिरगोपीकर अभिमानाने म्हणाले.

"डोंबलाची सुधारली. मूल 'बरं वाटतंय' म्हणेपर्यंत तुमची समाधानाची नोंद होत नाही, आणि नोंद नाही झाली की वरून फोन. मग आमचे उत्तीर्ण शिक्षक दोन तासिकांच्या मधे पोराला गाठतात आणि 'बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना' म्हणून पिच्छा पुरवतात. मुलं काय दूधखुळी आहेत? सुटका कशाने होते ते त्यांना कळलंय. तुमचं यंत्रही तेच शिकलं."

मुजावरांचा चेहरा उतरला. त्यांनी हा विचारच केला नव्हता.

बाईंनी चौकटीला हात लावला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि गप्प बसून राहिल्या. शिरगोपीकर खाकरले, त्यांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, तुम्ही गेला नाहीत?" शेवटी छायाविद्यार्थिनीने विचारलं.

"नाही गं. मला घाई नाही."

"मला घरी जायची भीती वाटते," ती म्हणाली आणि रडू लागली.

मुजावरांनी चष्मा काढला. कुठल्यातरी खऱ्या मुलाने हे कुठल्यातरी शिक्षकाला सांगितलं होतं, आणि ते तसंच वाऱ्यावर गेलं होतं.

तेवढ्यात वेळ संपली. पडद्यावर शेरा आला : समाधान नाही, अनुत्तीर्ण.

"नियम आहे, बाई," शिरगोपीकर म्हणाले. "अनुत्तीर्ण शिक्षकाला मुलांशी असा संवाद करता येत नाही."

"अहो, ती बोलली! दिसलं नाही तुम्हाला?"

"ती रडली, बाई."

दुसऱ्या दिवशी रेणूला एका उत्तीर्ण बाईंकडे पाठवलं. पहिल्याच प्रश्नाला तिला बरं वाटलं.