विहिरीला विचारून

"पारवे कुठे गेले?" विहिरीत डोकावत उषाने विचारलं.

बोईसरच्या पूर्वेला तात्याकाकांचं घर होतं. मे महिन्याच्या सुट्टीत उषा आणि प्रताप ही भावंडं तिथे आली, की रोज सकाळी विहिरीत "कूऽऽ" करायची आणि कपारींतले पारवे फडफडत वर यायचे. आज प्रतापने तीनदा हाक मारली. खालून फक्त त्याचाच आवाज परत आला.

"झोपले असतील," प्रताप म्हणाला. सगळं जग आपल्यासारखंच आहे, असं त्याला वाटायचं.

त्यांची मैत्रीण ठकी हिने पोहरा वर ओढला. पोहऱ्यातल्या पाण्यावर एक मेलेला पारवा तरंगत होता. ना जखम, ना ओरखडा.

ठकीचा बाप जिव्या दर उन्हाळ्यात या विहिरीतला गाळ काढायचा. पाणी उपसायला तात्याकाकांनी काल दिवसभर डिझेलचं इंजिन चालवलं होतं, तेही विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवून. आता खाली उतरायला जिव्या कमरेला दोर बांधत होता.

"बा, दिवा नाय सोडला," ठकी म्हणाली. "आजा आदी दिवा सोडायचा. येऊ का म्हणून विहिरीला इचारायचा."

"झालं यांचं भुताखेताचं सुरू," तात्याकाका हसले. "उतर रे जिव्या. मला तीनच्या पाळीला जायचंय."

जिव्या ओशाळला. "पोरीचं मनावर घेऊ नका, तात्या."

ठकी सरळ दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसली. "मी उटनार नाय."

उषाने प्रतापला कोपराने ढोसलं. प्रताप लगेच पोट धरून अंगणात लोळायला लागला. शाळेच्या दिवशी सकाळी त्याने या कामाचा भरपूर सराव केला होता. तात्याकाका त्याच्याकडे धावले आणि तेवढ्यात उषाने ओसरीवरचा कंदील पेटवून पोहऱ्याच्या दोराने विहिरीत सोडला.

बाहेर रणरणतं ऊन होतं. आत कंदील हळूहळू खाली गेला. कट्ट्यापाशी पोचताच ज्योत लाल झाली, बारीक झाली आणि विझली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. उषाने तो पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथेच विझला.

"रॉकेल संपलं असेल," मागून तात्याकाका म्हणाले. त्यांनी कंदील हलवला. आत रॉकेल डचमळलं. मग त्यांनी स्वतःच तो पेटवून खाली सोडला. कट्ट्यापाशी तो विझला.

तात्याकाका इंजिनाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"कालचा धूर खालीच कोंडलाय," ते हळूच म्हणाले. "पारवे त्यानेच मेले. जिव्या, तू उतरला असतास तर..."

जिव्या मटकन खाली बसला. ठकीने त्याचा हात घट्ट धरला आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला फुटलं.

इंजिन ज्या साखळीने खाली सोडलं होतं, तिनेच वरून ओढून घेतलं. दोन दिवस सगळ्यांनी दोराला आंब्याचे डहाळे बांधून विहिरीत वरखाली केले, कोंडलेली हवा हलवली. तिसऱ्या दिवशी कंदील पेटवला तो तात्याकाकांनी.

"पोरांनो, तुम्ही तिघांनी माझ्या हातून माणूस मरू दिला नाहीत," ते म्हणाले. मग त्यांनी दोर ठकीच्या हातात दिला. "विचार तिला, येऊ का म्हणून."

कंदील कट्टा ओलांडून तळाशी गेला. ठकी बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत राहिली. ती जळतच होती.

"आता जा, बा," ती म्हणाली.