नळावरची पाटी

शनिवारी सकाळी हिमायतनगरच्या बागेतली शिळा भिंतीवरून नाहीशी झाली, आणि सोमवारी ती कोर्टात दाखवायची होती.

बागेच्या कमिटीचे अध्यक्ष हिम्मतराव यांनी फोन केला तो पोलिसांना नाही, सुलभाताईंना. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. कोणी कोणाची वही उतरवली ते अचूक सांगायची.

बाग सत्तर वर्षांपूर्वी या तेलुगू मुलखातल्या मराठी घरांनी वर्गणी काढून केलेली. आता तिथे माणसांपेक्षा कुत्र्यांचीच चैन! एका बिल्डरने जागेवर हक्क सांगितला होता. जुने कागद वाळवीने खाल्ले. उरली होती त्या हातभर काळ्या शिळेवर वर्गणीदारांच्या नावांखाली कोरलेली शेवटची ओळ: ही जागा कोणी कधीही विकू नये. फोटो ढीगभर होते, पण प्रत्येकात कोणाचं तरी कुत्रं ऐटीत पुढे बसलेलं आणि ओळ नेमकी त्याच्या पाठीआड.

शिळेचे चारही स्क्रू कठड्यावर ओळीने ठेवलेले होते. शिळेच्या जागी खिळ्याला पाटी होती, ‘इथे कुत्री धुऊ नयेत.’ नळावर दुसरी, ‘सोमवारी कोर्टात न्यायची आहे. हात लावू नये.’

“या तू लावल्यास?” त्यांनी माळी दत्तोबाला विचारलं.

“हौ ताई. पण उलट. ही नळावर होती, ती शिळेवर.”

“कधी?”

“काल सांजच्याला. आज पाचला गेट उघडलं, सहाला बघतो तर शिळा गायब.”

नळाखाली ओली माती होती. एका स्क्रूला लाल धागा अडकला होता.

तो धागा सुलभाताईंनी ओळखीचा असल्यासारखा निरखला आणि पदराच्या टोकाला बांधला. तरी घरी जायचं सोडून त्या दुपारपर्यंत बिल्डरच्या माणसांची चौकशी करत बसल्या.

संध्याकाळी त्यांनी हिम्मतरावांना बागेत बोलावलं.

“चोराने पाट्या काढल्या, नळावर शिळा धुतली, पाट्या नीट परत लावल्या. पण अदलाबदल झाली. म्हणजे माणूस टापटिपीचा, आणि त्याला मराठी वाचता येत नाही. शिळा कुत्र्याच्या पट्ट्याने बांधून नेली. आमचा कुत्रा शेरू पंधरवड्यापूर्वी गेला. त्याचा लाल पट्टा आज खुंटीवर नाही.”

त्यांची नात रसिका फाटकातून आली. आयटीत नोकरी, शाळेत तेलुगू आणि फ्रेंच शिकलेली. तिने हातातलं टॉवेलचं गाठोडं उलगडलं. शिळा चकचकीत होती आणि तिच्यावर इंग्रजीत शेरूचं नाव कोरलेलं होतं.

“शेरू रोज हिच्याचखाली बसायचा ना आजी. आजच परत लावणार होते, सरप्राइज. मला वाटलं, नुसती जुनी नावं आहेत.”

“जुनी अक्षरं?”

“मलकपेठच्या दगडवाल्याने घासून काढली. मागची बाजू खडबडीत होती, म्हणून पुढची.”

“किती वाजता?”

“अकराला.”

अकराला सुलभाताई बिल्डरच्या वॉचमनशी हुज्जत घालत होत्या. केस चालू आहे हे रसिकाला माहीत होतं. पुरावा या शिळेवर आहे हे घरात तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

“काय लिहिलं होतं आजी?” ती रडत होती.

सुलभाताईंनी ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली. हिम्मतराव खाली बघत म्हणाले, आपल्या तोंडी सांगण्यावर कोर्ट काय विश्वास ठेवणार.

“अख्ख्या हिमायतनगरच्या पोरांना मी वाचायला शिकवलं,” सुलभाताई म्हणाल्या, “हिला तेवढं शिकवायचं राहिलं.”

त्यांनी दगडावरून, खालच्या कडेजवळून, बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.