सतरा नंबरचा बिल्ला

मलकापुरात पंजाबरावांच्या दुकानात शिरायचं तर आधी पिशवी माझ्याकडे द्यावी लागायची. दारातच माझं टेबल, मागे लाकडी खण, वर कॅमेरा. पितळी बिल्ले जोडीचे होते. एक मी पिशवीच्या बंदाला दोऱ्यानं, दुहेरी गाठ मारून बांधायची, त्याच नंबरचा दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. जाताना बिल्ला परत करा, सामान न्या. बिल्ला नसेल तर सख्खी माय आली तरी मी पिशवी दिली नसती. सहा वर्षांत एक पिशवी इकडची तिकडे झाली नाही. आमची अश्विनी चोराला चालीवरून ओळखते, असं पंजाबराव स्वतः माझ्याबद्दल सांगायचे.

पोळ्याच्या आधी मालाची मोजणी झाली. लहान मुलींच्या कपड्यांत एक पिवळा फ्रॉक कमी भरला.

"उद्या संध्याकाळपर्यंत चोर पाहिजे," पंजाबराव म्हणाले, "नाहीतर दारावरची बाई बदलतो."

फ्रॉक माझ्या घरी पेटीत होता. करिष्मासाठी नेला होता मी. सहा वर्षांची माझी पोरगी, त्या फ्रॉकपुढे तीनदा येऊन उभी राहिली होती. नवरा नाही, सासर नाही, या कामावरच आम्ही दोघी जगत होतो. आता सांगायला बसलेच आहे तर पुढचंही सांगते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मोताळ्याकडच्या खेड्यातली झुंबरबाई सकाळीच आली. साठीच्या पुढची, नऊवारी, हातात फुलाफुलांची कापडी पिशवी. तिला मी सतरा नंबर दिला. ती आत गेल्यावर पिशवी टेबलाखाली घेतली, तिथं कॅमेरा पोचत नाही, आणि फ्रॉकची घरून आणलेली किमतीची चिठ्ठी आत टाकली.

जाताना तिनं बिल्ला पुढे केला. मी तो घेतलाच नाही. पंजाबरावांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर पिशवी टेबलावर झटकली. रुमाल पडला, दम्याचा पंप पडला, चिठ्ठी पडली.

"माल कुठं लपवला?" पंजाबराव गरजले.

"दादा, पिशवी तं सकायपासून या बाईपाशी हाय," ती म्हणाली.

इतकी साधी गोष्ट. पण सगळे चिठ्ठीकडे पाहत होते.

तासभर तिला दाराशी उभं केलं. तिच्या गावचे लोक थांबून पाहत होते, पुढे जात होते. तिला धाप लागली. तिनं पंपाकडे एकदा हात केला. मी पंप पिशवीत टाकला आणि पिशवी खणात ठेवून दिली. पंजाबराव पाहत होते ना. दयामाया दाखवली असती तर माझ्यावरच संशय आला असता.

"माल आणून दे, मग पिशवी ने," म्हणत पंजाबरावांनी तिला सोडलं. निघताना ती माझ्याजवळ आली. बिल्ला मुठीत होता.

"राहू दे तुह्यापाशी," ती म्हणाली. "बिल्ला हाय माह्याजवळ. मी घ्याले येईन."

चौथ्या दिवशी पिशवी जरा फुगलेली दिसली. आत करिष्माची लाल रिबीन. म्हटलं, माझ्याच ओढणीला अडकून आली असेल. पाचव्या दिवशी तिची डाव्या पायाची चप्पल. सहाव्या दिवशी तिचा दात घासायचा ब्रश, अजून ओला.

मी घाबरट बाई नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढून बसले. दुपारी सव्वा वाजता पिशवी सपाट. खणाजवळ कोणी नाही. मी टेबलाशी, दोन्ही हात समोर. एक वाजून सतरा मिनिटांनी पिशवी भरलेली. मधली दोन मिनिटं मी अकरा वेळा पाहिली. पिशवी हळूहळू भरत होती, आतून.

सुट्टीच्या दिवशी ती पिशवी घेऊन एसटीनं झुंबरबाईच्या गावी गेले. तिचा मुलगा सहदेव ओट्यावर बसला होता. डोकं भादरलेलं.

"माय गेली," तो म्हणाला. "बाजारातून येताना, एसटीतच. दम लागला. पंप दुकानातच राह्यला म्हणे."

मी पिशवी पुढे केली. त्यानं हात लावला नाही.

"मूठ उघडली नाई तिची. चौघायनं जोर लावला. पितळाचं कायतरी व्हतं आत. तसंच जाळलं. राख सावडली तं सापडलं नाई." मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "दारावरची बाई तुमीच का?"

"नाही," मी म्हणाले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि मागे न पाहता स्टँडवर आले.

सकाळी दुकान उघडलं तर पिशवी सतराव्या खणात होती. आत पिवळा फ्रॉक, घडी घातलेला, पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता.

पंजाबरावांना तेव्हा खरं सांगता आलं असतं. ते समोर गल्ल्यावरच बसले होते. मी फ्रॉक गुपचूप आत नेऊन दांडीवर लावला आणि मोकळा श्वास घेतला. ज्याचं त्याला मिळालं, असं वाटलं.

परत आले तर पिशवी रिकामी होती. बंदाला दोरा नव्हता. बिल्ला नव्हता.

मी धावत घरी गेले.

करिष्मा उंबऱ्यावर बसली होती. शाळेला सुट्टी होती. मनगटाला पितळी बिल्ला. सतरा. वर माझी दुहेरी गाठ.

"कोणी बांधला हा?"

"तूच तं बांधला, सकायी जाताना." ती हसली. "सोडजो नको म्हणाली तू. आजी घ्याले येऊन राह्यली. जोडीचा तिच्यापाशी हाय."

मी बांधला नव्हता. माझ्या लेकराची शप्पथ घेऊन सांगते.

गाठ सुटेना. नखं तुटली.

"हलू नको," म्हणून मी कात्री आणायला आत गेले. चार पावलं. दाराकडून कोणाला तरी धाप लागल्यासारखं ऐकू आलं.

कात्री घेऊन वळले.

उंबऱ्यावर कोणी नव्हतं. करिष्मा बसली होती तिथं दुसरा बिल्ला ठेवलेला होता. सतरा. काळा पडलेला, अजून गरम.