मावशीचा दिवा कुणी लावला?

औषधवालीने मावशीच्या दाराला किल्ली लावली, तेव्हा आतून रेडिओचा आवाज आला नाही. ती चपलांसकट आत धावली.

रोजचा शिरस्ता ठरलेला होता. दुकान उघडण्याआधी ती मावशीकडे यायची, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन द्यायची, वापरलेल्या सुया टाकायचा डबा रिकामा करायची आणि ‘वाळून काटकी झालीस, जरा खात जा’ हे ऐकून घ्यायची. संध्याकाळचं इंजेक्शन मावशी स्वतः घ्यायची. आज अंथरुणाची घडी तशीच. चपला नाहीत, काठी नाही आणि मावशीही नाही.

आई गेल्यावर औषधवालीला आणि तिच्या दादाला याच मावशीने वाढवलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच. औषधवाली उलट्या पावली चौकीकडे धावली.

तटबंदीच्या आतलं हे गाव बघायला लोक लांबून यायचे, राहायला मात्र कुणी तयार नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी जुनं गाव जपणाऱ्या समितीची परवानगी लागायची. दर्शनी बाजू चित्रासारखी रंगवलेली, आणि मागे गेलं की ओल, पोपडे, कुजलेली लाकडं. तरुण मंडळी केव्हाच शहरात पांगली. अर्ध्या घरांना कुलपं लागली. मग संध्याकाळी गाव मेल्यासारखं दिसू नये म्हणून समितीने युक्ती काढली. प्रत्येक रिकाम्या घराच्या खिडकीत एक दिवा, आणि दिव्याच्या प्लगला टायमरची डबी. अंधारून यायला लागलं की सगळे दिवे एका क्षणात लागायचे. पाहुण्यांना वाटायचं, आत माणसं जेवतायत, गप्पा मारतायत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

मुख्य रस्त्यावर खऱ्या माणसाने लावलेला खरा दिवा आता एकच उरला होता, मावशीचा.

फौजदार चहा पीत होते. त्यांनी समोरच्या बेकरीवाल्याला बोलावून घेतलं.

“मावशींना शेवटचं कधी पाहिलंस?”

“पाहिलं असं नाही साहेब. पण काल संध्याकाळी खिडकीत दिवा होता. माझ्या बेकरीच्या अगदी समोर. सगळ्या खिडक्या लागल्या, त्यांचीही लागली. फक्त घड्याळजींचं घर तेवढं अंधारात होतं.”

“घड्याळजी तर गाव सोडून गेले.”

“हो, बल्ब गेला असेल.”

फौजदारांनी कप खाली ठेवला. “झालं तर मग. संध्याकाळी म्हातारी घरात होती. सकाळी उठून कुठेतरी निघाली. आपण बसस्टँड बघू, नदीचा काठ बघू. ताई, तुम्ही घाबरू नका.”

“साहेब, तिला इंजेक्शन मिळालं नाही तर ती जास्त काळ तग धरणार नाही. आधीच एकदा मरता मरता वाचलीय.”

तेवढ्यात दादा आला. तो समितीचा सेक्रेटरी. आज दुपारी वारसा मंडळाचे पाहुणे गावाला वारशाचा शिक्का द्यायचा की नाही हे ठरवायला येणार होते. शिक्का मिळाला तर गाव जगणार, नाहीतर उरलेलेही कुलपं लावून जाणार. कित्येक दिवस दादाच्या डोळ्याला डोळा नव्हता. त्याने बहिणीला एका हाताने जवळ घेतलं. दुसरा हात कोटाच्या खिशातच होता.

“शोधू आपण तिला,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

“दादा, ती मागच्या अंगणांतून बंद घरांत जाते रे कधीकधी. मैत्रिणींच्या खिडक्या उघडायला. ‘घराला वारा लागला पाहिजे’ म्हणते.”

“रिकामी घरं मी पहाटेच फिरलोय. पाहुणे येणार म्हणून एकूण एक घर आतून बघितलं. तिथे ती नाही.”

दादाने सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला. सगळे नदीकडे पळाले.

औषधवाली काठाकाठाने हाका मारत फिरली. गवतात काठी दिसते का, चप्पल दिसते का, बघत राहिली. घसा बसला. पाण्यात काही हललं की ती धावत पुढे जायची, आणि नुसती फांदी निघाली की तिला रडू यायचं. येताना ती तडक हॉटेलवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. मावशीचं घर विकत घ्यायला तो गेली काही वर्षं उंबरठे झिजवत होता.

“तुमचा तिच्या घरावर डोळा होता.”

“होता, आणि आहे,” हॉटेलवाला शांतपणे म्हणाला. “पण बेपत्ता माणसाचं घर वर्षानुवर्षं अडकून पडतं, ताई. मला मावशी जिवंत हव्यात, आणि या गावाला कंटाळलेल्या. कालचा दिवसभर मी शहरात होतो, लेकीच्या सासरी. फोन करून विचारा.”

तिने विचारलं. खरं होतं.

ऊन कलायला लागलं तशी ती मावशीच्या घरी परतली आणि मटकन खुर्चीत बसली. काही सुचत नव्हतं. सवयीने हात सुयांच्या डब्याकडे गेला. झाकण उघडलं.

डबा रिकामा होता.

काल सकाळी तिनेच तो रिकामा केला होता. त्यात काल संध्याकाळची एक सुई असायला हवी होती. मावशी जेवण एक वेळ विसरेल, सुई विसरणार नाही. म्हणजे काल संध्याकाळी मावशी घरात नव्हतीच.

मग दिवा कुणी लावला?

ती खिडकीशी गेली. दिव्याचं बटण चालू होतं आणि दिवा बंद. ट्रंकेमागे वाकून पाहिलं तर जमिनीलगतच्या सॉकेटमधून प्लग काढलेला. मावशीचे गुडघे आखडलेले. तिला खाली पडलेला चमचासुद्धा उचलता येत नसे, ती ट्रंकेमागे कशी वाकणार? तो प्लग बसवला होता औषधवालीनेच, गेल्या वर्षी.

ती रस्ता ओलांडून बेकरीत शिरली.

“काल मावशीचा दिवा कधी लागला? आधी, नंतर?”

“सांगितलं ना, सगळ्यांबरोबर.”

“नीट आठवा, काका. अगदी बरोबर?”

बेकरीवाला पीठ मळता मळता थांबला. “एका दमात लागले सगळे. आता तुम्ही म्हणताय तर… त्या एरवी केवढा उशीर करायच्या. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना, तेव्हा कुठे उठायच्या.”

औषधवालीने दाराची चौकट धरली. तिला आता सगळं दिसत होतं, आणि ते दिसू नये असं फार वाटत होतं.

चौकात पाहुणे आले होते. हार नाहीत, भाषणं नाहीत. चार शांत माणसं रंगवलेल्या भिंतींकडे मान वर करून बघत होती. दादा त्यांना कमानीची नक्षी समजावून सांगत होता. फौजदार बाजूला उभे होते.

“दादा, खिशात काय आहे?”

“आत्ता नको,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “हात जोडतो. पाहुणे आहेत.”

“सकाळपासून तुझा हात खिशात आहे. फौजदारसाहेब, बघा.”

फौजदार क्षणभर घुटमळले. मग पुढे झाले. दादाने विरोध केला नाही. त्याच्या खिशातून टायमरची छोटी डबी निघाली.

“काल संध्याकाळी मावशी घरी नव्हती,” औषधवाली म्हणाली. “तिची सुई वापरलेली नाही. तिच्या खिडकीतला दिवा रिकाम्या घरांच्या दिव्यांबरोबर लागला, कारण तो टायमरने लागला. आज कुणीतरी टायमर काढून नेला आणि प्लग परत लावायचा विसरला. गावाने दिवा बघितला आणि मावशी घरात आहे असं धरून चाललं. दिवा म्हणजे माणूस नाही हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे, आणि आपणच फसलो.”

“पण टायमर आला कुठून?” फौजदारांनी विचारलं.

“जेवढी रिकामी घरं तेवढेच टायमर आहेत, जास्तीचा एकही नाही. मावशीकडे एक आला म्हणजे दुसरीकडचा गेला. काल एकच रिकामं घर अंधारात होतं. बल्ब गेला नव्हता, साहेब. घड्याळजींच्या घरातला टायमर काढलेला होता. ज्याने काढला तो त्या वेळी त्याच घरात उभा होता, मावशीजवळ. मावशीच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे आणि दुसरी याच्याकडे. एकूण एक घर बघितलं असंही हाच म्हणाला. आज संध्याकाळी पाहुण्यांना सगळ्या खिडक्या उजळलेल्या दिसायला हव्यात, म्हणून याने डबी परत काढली. पण त्या घरात पुन्हा जायची याची छाती झाली नाही.” ती भावाकडे वळली. “जिवंत आहे का रे ती?”

दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मागच्या खोलीची लाकडी जमीन कुजली होती,” तो म्हणाला. “मी दुरुस्त झाली म्हणून सही केली होती. सगळा पैसा पुढच्या रंगात गेला. ती तळघरात पडली. मी पोचलो तेव्हा बोलत होती. मी पाणी दिलं, पांघरूण सोडलं. म्हटलं, येतो लगेच. अँब्युलन्स बोलावली असती तर सगळं बाहेर आलं असतं. पाहुणे आले नसते. एकच दिवस गं… गाव वाचलं असतं.”

“आणि इंजेक्शन?”

दादाने तोंड फिरवलं.

“किल्ली दे.”

“ऑफिसात आहे.”

औषधवाली थांबली नाही. तिने बेकरीवाल्याच्या भट्टीचा लोखंडी दांडा उचलला आणि घड्याळजींच्या कोरीव दारावर घातला. ज्या दाराला हात लावायला परवानगी लागायची, त्याच्या ढलप्या रस्त्यावर उडाल्या. पाहुण्यांतल्या एका बाईने पुढे येऊन कोट काढला आणि खांदा लावला. बेकरीवाला आला, हॉटेलवाला आला. दार बिजागऱ्यांसकट आत पडलं.

तळघरातून ओल्या मातीचा वास आला. मावशी भिंतीला टेकून होती, पाय विचित्र मुडपलेला, ओठ कोरडे पडलेले. औषधवालीने खाली उतरून तिचा हात हातात घेतला. हात गार होता, पण बोटं हलली.

“कोण?”

“मी गं. मी आहे.”

“दादाला ओरडू नकोस,” मावशी पुटपुटली. “येतो म्हणालाय तो. मी इथेच थांबलेय. नाहीतर आला आणि मी नसले तर घाबरेल.”

वर फुटलेल्या फळ्यांच्या कडेला फौजदारांशेजारी दादा उभा होता. त्याने ते ऐकलं. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. त्याला कुणी उठवलं नाही.

अँब्युलन्स गल्लीत शिरत नव्हती, ती वेशीपाशीच उभी राहिली. मावशीला त्याच फुटक्या दारावर निजवून सगळ्यांनी उचललं. पाहुणेही हात द्यायला होते. नर्सने सुई टोचली आणि नाडी धरली. “वाचतील,” ती म्हणाली, “पाय मात्र सांगता येत नाही.” औषधवालीला तेवढ्याने हुंदका फुटला.

अँब्युलन्स हलली तेव्हा अंधारून येत होतं. मागच्या काचेतून तिला रस्ता दिसला. एका क्षणात सगळ्या खिडक्या उजळल्या. फक्त दोन अंधारात राहिल्या. फौजदार दादाचा दंड धरून मधोमध उभे होते, आणि दादा त्या दोन खिडक्यांकडे बघत होता.