एकशे अठ्ठाविसावा आवाज

तनया जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. कुठलंही काम रीतसर करायचं, म्हणजे ते फसत नाही, असा तिचा खाक्या. मे महिन्यातल्या त्या दुपारी सी-स्कीममधल्या फ्लॅटचे पडदे ओढून, कूलर लावून ती प्रथमेशची पेटी घेऊन बसली, तीही अशीच निर्धास्त.

पेटी म्हणजे गिटारचा डिजिटल अॅम्प. पायाने दाबायची बटणं, छोटा स्क्रीन, आणि आत प्रथमेशने सात-आठ वर्षं घासून घासून जमवलेले, नावं देऊन साठवलेले गिटारचे एकशे सत्तावीस आवाज. तो आणि तनया एकाच बँडमधले, तो गिटारवाला. फेब्रुवारीत शहराबाहेर बस्सी गावाजवळ ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली, त्यात तो गेला. पेटी त्याच्या आईने, शकुंतलाकाकूंनी, आज सकाळीच तिच्या हाती दिली होती.

"त्याचे आवाज तेवढे जप गं," एवढंच त्या म्हणाल्या.

पेटीत नवं सॉफ्टवेअर घालायचं होतं, आणि ते घातलं की आतलं सगळं पुसलं जाणार होतं. तनयाने आधी एकेक आवाज लॅपटॉपवर उतरवला, नावं ताडून पाहिली, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. मग बेधडक बटण दाबलं.

यादी कोरी झाली. फक्त शेवटच्या, एकशे अठ्ठाविसाव्या जागेवर एक नाव उरलं.

'कानोता रविवार'.

मघाशी ती जागा रिकामी होती. आणि जवळच्या कानोता गावातला बँडचा येत्या रविवारचा कार्यक्रम तर दोनच दिवसांपूर्वी ठरला होता, प्रथमेश गेल्यावर. तिने फोन लावला.

"काकू, मध्यंतरी पेटी कुणी चालू केली होती का?"

"नाही गं. मतलब, मी तर धूळसुद्धा पुसली नाही. कपाटातच होती. का?"

"काही नाही… असंच."

तिने ते नाव पुसलं. ते परत आलं. प्लग काढला, दहा आकडे मोजले, पुन्हा लावला. नाव जागच्या जागी.

"ठीक आहे. ऐकूया तरी," ती स्वतःशीच म्हणाली आणि कोपऱ्यातली गिटार आणायला उठली.

तेवढ्यात स्क्रीन आपोआप बदलला. तार सुरात लागली की नाही हे दाखवणारा काटा त्यावर आला. पेटीला केबलसुद्धा जोडलेली नव्हती. तरी काटा डावीकडून हळूहळू सरकला, मधोमध आला, हिरवा झाला. मग दुसरी तार. मग तिसरी… कुणीतरी सावकाश, कान देऊन गिटार लावत होतं. कूलरची घरघर तेवढी चालू होती. वाळ्याचा ओला वास खोलीत दाटून आला होता.

सहावी तार लागली. काटा हिरव्यावर स्थिर झाला.

तनयाला भीती वाटली नाही, उलट डोळे भरून आले. ती पेटीपुढे गुडघ्यांवर बसली.

"प्रथमेश… तूच आहेस ना?"

काटा हलला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नकारार्थी मान हलवावी तसा.