पांढऱ्या खोलीतल्या पाच बहिणी

"मी त्या उंदरांना काही केलेलं नाही," खुर्चीत बसण्याआधीच ती मुलगी म्हणाली, आणि रडू लागली.

बाबलीमामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. उंदरांपायी रडणारं माणूस ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले, तेव्हापासून भाचीच्या सोबतीला असत. भाची म्हणजे भक्ती परुळेकर, मालवणच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर बसून लोकांच्या भानगडींचा छडा लावणारी. विचार करण्याचं काम तिचं, चक्रावून जाण्याचं मामांचं, अशी दोघांची सरळ वाटणी होती.

मुलीचं नाव दिव्या, गाव देवगड. कुडाळजवळच्या एका खासगी संशोधन केंद्रात ती डॉक्टर जितेंद्र केरकरांच्या हाताखाली काम करत होती.

"आमच्याकडे दोन जातींचे उंदीर आहेत, मॅडम. तपकिरी जातीत एक विषाणू आहे. तो आईच्या दुधातून पिल्लांत जातो, आणि लेकी मोठ्या झाल्या की त्यांच्या स्तनांत गाठी येतात. आम्ही त्या गाठींवर औषध शोधतोय. पांढरे उंदीर तुलनेसाठी ठेवलेत. सात पिढ्यांत त्यांना एक गाठ नाही. आणि आता पाच माद्यांना गाठी आल्या. रक्तात तोच विषाणू निघाला."

"डास चावलो असात," मामा म्हणाले.

"डासाने पसरत नाही, काका. हवेतूनही नाही. सुईने टोचला तर मात्र लागतो."

"आणि सुई तुम्ही टोचलीत, असं डॉक्टरांचं म्हणणं," भक्ती म्हणाली.

दिव्याने मान हलवली. "फ्रीझरमधल्या विषाणूच्या कुप्यांत एक कमी निघाली. त्यात गेल्या महिन्यात आमचं भांडण झालं होतं. त्यांनी शोधनिबंधातून माझं नाव गाळलं म्हणून. सोमवारी ते समितीला कळवणार. मग माझी पीएचडी गेली, आणि पुन्हा कुठलीही प्रयोगशाळा मला दारात उभी करणार नाही."

तो शनिवार होता. भक्तीने चपला पायात सरकवल्या, मामांनी गाडी काढली.

केंद्रात समोरासमोर दोन खोल्या होत्या, एक तपकिरी उंदरांची, एक पांढऱ्यांची. दोन्ही दारांवर एकच इंग्रजी नियमावली चिकटवली होती. मधल्या बोळात फ्रीझर. त्याच्यासमोर लालसर फरशीवर ताटाएवढा पांढरा डाग पडला होता. मामांचा पाय नेमका त्यावर पडला, तशी नोंदींच्या वह्या घेऊन येणारा मदतनीस दीपेश दचकला.

डॉक्टर केरकर पन्नाशीचे, इस्त्रीदार बोलणारे गृहस्थ.

"हिशोब सोपा आहे," ते म्हणाले. "पांढऱ्या साठ माद्या. गाठी फक्त पाच जणींना, त्याही चाचपल्याशिवाय न कळणाऱ्या, आणि त्या पाचही एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणी. आईपासून तोडल्यावर त्या पाच वेगवेगळ्या पिंजऱ्यांत गेल्या. कानाची खूण वहीत शोधल्याशिवाय कोण कोणाची बहीण हे मलाही कळणार नाही. वही दिव्याकडे असते. आणखी काय हवं?"

"तिने बहिणीच का शोधाव्यात?"

"ते तिला विचारा."

"या बहिणींना भाऊ आहेत?"

"तीन. ठणठणीत आहेत. नरांना सहसा गाठी होत नाहीत."

"त्यांचं रक्त तपासलंत? नाही? मग तपासून घ्या. उद्यापर्यंत जमेल?"

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण होकार दिला. मामांना काही उमगेना. आजारी बहिणी सोडून हिला निरोगी भावांचं रक्त कशाला हवं?

दीपेश प्राण्यांची देखभाल बघे आणि नोंदी वहीत उतरवी. कुपीचं नाव काढताच तो म्हणाला, "माका फ्रीझरचा कायएक म्हायत नाय." बोलताना नजर सगळा वेळ फरशीवर.

"ही पिल्लं जन्मली तेव्हा कामावर कोण होतं?"

"चवथीचे दिवस ते. आमी सगळे घराक गेललंव. पाच सप्टेंबराक परत इलंव. तवसर दोनय खोल्ये एकटी काशीबाय बघी. एरवी ती पांढऱ्या खोलयेतच असता."

"ती नाही गेली गणपतीला?"

"तिचो दीर वारललो. सुतक होता."

भक्तीने जन्माची आणि मृत्यूची अशा दोन वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. "मामा, मोठ्यान वाच बगया."

मामांनी चष्मा लावला. "पांढरी मादी, क्रमांक चौदा. जन्म सतरा ऑगस्ट, पिल्लं आठ. आईपासून तोडली चार सप्टेंबर, आठ."

"आता दुसरी वही."

"तपकिरी मादी, क्रमांक सात. सव्वीस ऑगस्ट, पिल्लं पाच, जन्मतःच मृत. पांढरी मादी, क्रमांक चौदा. सत्तावीस ऑगस्ट, मृत." मामांनी चष्मा काढला. "ह्यात काय आसा गो? जन्म नी मरण. माणसाचा तरी आणखी काय असता?"

"तू कंडक्टर होतंस मा रे, मामा? माणूस कणकवलेक उतारला आणि थंयसून फुडे सात गावां त्याचाच तिकीट फाटत रवला, तर तू काय म्हणशीत?"

"म्हणान काय? गफलो म्हणान!"

भक्ती हसली आणि उठली. मामांचा गोंधळ आता दुप्पट झाला. गफला आहे हे कळलं, तो कोणाचा हे काही कळेना.

काशीबाई एमआयडीसीच्या मागच्या वाडीत राहायची. साठीला टेकलेली, अंगाने काटक. दोघं अंगणात पोहोचले तेव्हा ती एका करडाला मिठाचं पाणी चोळत होती. मग तिने दुसऱ्या शेळीच्या गोठ्यातलं गवत घेऊन त्याच्या अंगावर घासलं.

"ह्याचा काय करतंस?" मामांनी विचारलं.

"ह्याची आवस सरप चावान मेली. ती दुसरी शेळी ह्याका जवळ करना नाय. तिच्या जाग्याचो वास इलो आणि मीठ चाटूक गावला, की घेता पदरात." तिने करडू शेळीपुढे ठेवलं. शेळीने हुंगलं, चाटलं, आणि उभी राहिली. करडू लुचू लागलं. काशीबाईच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की मामांनाही बरं वाटलं.

"चवथीक तुमी एकट्याच होतात?" भक्तीने विचारलं.

"सुतकात देवाक हात लावूक येणा नाय, उंदरांक येता," काशीबाई म्हणाली. "म्हणान मीच रवलंय."

"दारावरचो तो कागद वाचलास?"

"इंग्रजी तो. दीपेशान सांगल्यान, पोरकी पिल्लां रवली तर मारून टाकूची." ती जरा थांबली. "कित्याक, ता सांगूक नाय."

"तवा पोरकी पिल्लां रवली होती?"

काशीबाई करडाकडे बघत राहिली. "दिव्याबाय बरी मा? पोरगी जेवणा नाय म्हणतत." एवढं बोलून ती घरात गेली.

परतताना मामांनी आपला निकाल सांगून टाकला. "दीपेशानच केल्यान. त्याची नजर चोराची."

"दीपेश खोटा बोलता, ह्या खरा," भक्ती म्हणाली. "पण त्याच्या खोट्याचो ह्या भानगडीशी संबंद नाय."

मामांनी गिअर बदलला. असं काही ऐकलं की त्यांना आपल्या जुन्या एसटीची घंटी आठवे. दोनदा वाजवली की सुटली, एकदा वाजवली की थांबली, त्यात संशयाला जागा नसे.

रविवारी दुपारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. दिव्याचे डोळे सुजले होते. दीपेश दाराशी, काशीबाई कोपऱ्यात जमिनीवर. डॉक्टरांच्या हातात एक कागद होता आणि चेहऱ्यावर कालची इस्त्री नव्हती.

"भावांच्या रक्तातही विषाणू आहे," ते म्हणाले. "तिघांच्याही."

"म्हणजे आठच्या आठ," भक्ती म्हणाली. "नरांना गाठी होत नाहीत हे दिव्याला ठाऊक आहे. सूड घ्यायचा तर तिने त्यांच्यावर विषाणू कशाला वाया घालवावा? विषाणू कोणी निवडून टोचलेला नाही. आठही पिल्लं एकत्र होती तेव्हाच तो सगळ्यांना मिळाला, म्हणजे आईपासून तोडण्याआधी."

"आई स्वच्छ होती!"

"होती. आणि सत्तावीस ऑगस्टला मेली, पिल्लं दहा दिवसांची असताना. तुमच्या दोन वह्या कोणी कधी शेजारी ठेवल्याच नाहीत, डॉक्टर. जन्माची वही सांगते, पिल्लं चार सप्टेंबरला आईपासून तोडली. मेलेल्या आईपासून? दहा दिवसांचं पिल्लू दुधावाचून किती जगतं?"

"एक दिवस. फार तर दोन," दिव्या पुटपुटली. मग तिचा हात तोंडाकडे गेला. "तपकिरी सात नंबर!"

"तिची पिल्लं आदल्याच दिवशी मेली होती. अंगावर दूध होतं. कोणीतरी ही आठ पिल्लं तिच्या गवतात घोळवून तिच्या कुशीत ठेवली, आणि तिने ती पाजली. तुम्ही परतायच्या आदल्या दिवशी, दूध तोडायच्या नेहमीच्या दिवसापेक्षा तीन दिवस आधी, ती पुन्हा पांढऱ्या खोलीत आली. पिल्लं दुधावर जगली आणि दुधातूनच विषाणू घेऊन आली."

"आणि कुपी?" डॉक्टरांनी विचारलं.

"फ्रीझरसमोर फरशीचा रंग उडालाय. तीव्र जंतुनाशक ओतून घाईघाईने कोणीतरी ती धुतली. दीपेश?"

दीपेशच्या कपाळावर घाम आला. "हातातसून पडली. नोकरी जायत म्हणान बोलूक नाय."

मामांनी मोठा श्वास सोडला. आता कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला होता, आणि त्याबरोबर अंगणातलं ते करडूही आठवलं. त्यांनी कोपऱ्याकडे बघायचं टाळलं.

"कोणी ठेवली ती पिल्लं?" डॉक्टर कडाडले. "नाव सांगा."

"माझं काम दिव्यावरचा आळ काढायचं होतं. तो निघाला," भक्ती म्हणाली. "नाव मी सांगणार नाही."

मग काशीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी ठेवलंय. पोरीचा नाव घालवू नकात." ती डॉक्टरांकडे बघत बोलत राहिली. "आठ जीव तोंडां उघडून वळवळत होते. मारूचा जमला नाय. धवळ्या खोलयेत दुदाची आवस नाय होती, म्हणान त्या तपकिरीकडे नेलंय. माका वाटला, मी जगवलंय. गाठींचा आणि त्याचा कायतरी आसा, ह्या माका आताच कळता." ती भक्तीकडे वळली. "म्हणजे त्यांका मीच मारलंय?"

इतकी सरळ बोलणारी भक्ती, पण तिची नजर खिडकीकडे गेली.

डॉक्टर बोलायला तोंड उघडणार, तोच ती त्यांच्याकडे वळली. "एका माणसावर दोन्ही खोल्या सोपवायच्या नाहीत, हाही नियम दारावरच्या त्याच कागदावर आहे. चवथीच्या रजेच्या यादीवर सही कोणाची आहे, डॉक्टर?"

डॉक्टर केरकरांनी तोंड मिटलं. मग त्यांनी खणातून समितीला लिहिलेलं पत्र काढलं आणि फाडलं.

दिव्या उठून काशीबाईजवळ गेली. तिच्यामुळे आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं, तरी तिचा राग येईना. तिने बाहेर जाऊन दारावरचा इंग्रजी कागद काढून आणला आणि काशीबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. एकेक नियम मराठीत सांगू लागली, आणि प्रत्येकाचं कारणही.

सगळं ऐकून काशीबाई म्हणाली, "ह्या आदी सांगला असतास, तर तिच्याकडे नेलंय नसतंय. पण मारूकय जमला नसता गो माका." मग हळूच विचारलं, "ती तपकिरी आसा अजून?"

"नाही. मार्चमध्ये गेली. तिलाही गाठी होत्या."

"दुसऱ्याची म्हणान तिनां दूध आडवूक नाय," काशीबाई म्हणाली. "तिका काय म्हायत, दुदात काय आसा ता."

मग तिने पदराने डोळे पुसले आणि डॉक्टरांना विचारलं, त्या पाच जणींना एकदा बघू का. डॉक्टर स्वतः उठले आणि त्यांनी पांढऱ्या खोलीचं दार उघडलं. साठ माद्यांतून, कानाची खूण न बघता, वही न उघडता, तिने एकेक करून पाचही बहिणींवर बोट ठेवलं.